नट्टापट्ट्याची व्याख्या

टेबलावर सतरा वस्तू होत्या. लिपस्टिक सहा, काजळाच्या कांड्या तीन, टिकल्यांची पाकिटं चार, नखपॉलिशची बाटली एक, ओठ फुटू नयेत म्हणून लावायच्या मलमाची डबी एक, तळहाताएवढा आरसा एक आणि गजरा एक, शिळा. सगळं पांढऱ्या कागदावर ओळीत मांडलं होतं. चोरीचा माल पकडला की पोलीस फोटोसाठी मांडतात, तसं.

"हे आपल्या लॉकर रूममधून निघालंय," कारखान्याचे मॅनेजर किणीकर सर म्हणाले. "औषधांच्या कारखान्यातून!"

"लेडीज लॉकर रूममधून," अनुप्रिता मॅडमनी दुरुस्ती केली. त्या एचआरला होत्या आणि दुरुस्त्या करणं हे त्यांचं कामच होतं.

"जेन्ट्सचे लॉकर बघितले का?" मी विचारलं.

"त्यांच्यात काय असणार?" सर म्हणाले.

तर्क बिनतोड होता. पुरुष मेकअप करत नाहीत म्हणून त्यांचे लॉकर तपासायचे नाहीत, आणि त्यांच्या लॉकरमध्ये काही सापडलं नाही म्हणजे ते मेकअप करत नाहीत. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते, रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन नुकतीच कारखान्याच्या लॅबमध्ये लागले होते, आणि अशी पूर्ण वर्तुळं मला पुस्तकाबाहेर पहिल्यांदाच दिसत होती.

आमचा कारखाना जेजुरीच्या एमआयडीसीत होता. आम्ही डोळ्यांत घालायचे थेंब करायचो. थेंब बाटलीत भरायची खोली म्हणजे आमचा गाभारा. तिथली हवा गाळलेली, भिंती गुळगुळीत, आत जाताना तोंड-हात धुवायचे, पायापासून डोक्यापर्यंत पांढरा सूट चढवायचा, नाकावर मास्क, डोळ्यांवर गॉगल. आत कसलाही मेकअप चालत नाही. हा नियम चुकीचा नव्हता. चेहऱ्यावरून काहीही गळालं तर ते कुणाच्या तरी डोळ्यात जाणार. माझी तक्रार फक्त भाषेबद्दल होती. भिंतीवरची सूचना अशी होती : 'महिला कर्मचाऱ्यांनी नट्टापट्टा करून येऊ नये.'

रुजू झाले त्या दिवशी मी अनुप्रिता मॅडमना विचारलं होतं, "नट्टापट्टा म्हणजे नेमकं काय धरायचं?"

"जे दिसतं ते," त्या म्हणाल्या.

त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यावर काहीच लावलेलं दिसत नसे. तसं दिसण्यासाठी त्यांना रोज पाऊण तास लागतो, हे त्यांनीच मला एकदा कौतुकाने सांगितलं होतं. पण त्या ऑफिसात बसत, त्यामुळे प्रश्न नव्हता.

माझ्या बाबतीतही प्रश्न नव्हता. मी काहीच लावायचे नाही. तत्त्व वगैरे काही नाही, सकाळी साडेसहाची बस असायची. पण किणीकर सरांनी त्यातून माझं चारित्र्य तयार केलं होतं. "पेठेकडे बघा," ते मीटिंगमध्ये सांगत. "एवढी शिकलेली, पण किती साधी!" कारखान्यातल्या चाळीस बायका मग माझ्याकडे बघत. त्यांच्या नजरेत कौतुक नसायचं.

आता त्या सकाळी मला बोलावण्याचं कारण. आदल्या दिवशी थेंब भरायचं नवं मशीन पहिल्यांदा सुरू होणार होतं. त्याआधी ते कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने धुवायचं आणि मग पांढऱ्या निर्जंतुक कापडाने पुसायचं. पुसलेल्या कापडावर लाल फराटा निघाला. बोटभर लांब, मध्ये जाड, कडेला फिकट. ओठ पुसल्यावर रुमालावर निघतो, हुबेहूब तसा. काम थांबलं, कापड पिशवीत बंद झालं, आणि पुसणारीचं नाव विचारलं गेलं.

पुसणारी हेमलता झगडे होती.

हेमलता सासवडची. वय चौतिशीचं. सहा वर्षं ठेकेदाराच्या नावावर काम करत होती आणि त्या शुक्रवारी तिला कायम झाल्याचं पत्र मिळणार होतं. पत्र तयार होतं. अनुप्रिता मॅडमच्या फाइलमध्ये होतं, फक्त किणीकर सरांची सही बाकी होती. कायम म्हणजे पगार दुप्पट, आणि मुख्य म्हणजे सोमवारी आपल्याला बोलावणार की नाही, ही धाकधूक संपणार. ठेकेदार कुणाला काढत नसे. तो फक्त बोलावत नसे.

तिचा गुन्हा कारखान्याला आधीपासून माहीत होता. ती सुटल्यावर लिपस्टिक लावायची. कामाला येताना नाही, आत जाताना नाही. तीन वाजता सूट उतरवायची, तोंड धुवायची, आरशासमोर उभी राहून गडद मरून रंग लावायची आणि बसला जायची. हे कुणाला पचत नव्हतं. कामाला जाताना नटणारी बाई समजू शकते, पण घरी जाताना? स्टोअरमधल्या लोकांनी त्यावर बरीच प्रमेयं मांडली होती.

मी एकदा तिला सरळ विचारलं होतं. शास्त्रीय कुतूहल म्हणा.

"दिवसभर तोंड झाकल्यालं असतं, मॅडम," ती म्हणाली. "आठ तास म्या म्हंजे नुसता गॉगल. सुटल्यावर तरी माझं तोंड माझ्यापाशी हाय का न्हाय, बघाया नको?"

"आणि घरचे?"

"नवरा म्हणतो, बस स्टॉपवर लगेच सापडतीस."

तर किणीकर सरांनी मला सांगितलं, "पेठे, या सहापैकी कोणती, ते शोध. तसं बघायला गेलं तर मला माहितीच आहे. पण रिपोर्टवर तुझी सही हवी. शास्त्रीय."

म्हणजे उत्तर त्यांच्याकडे होतं, प्रयोग माझ्याकडे. मी कापड आणि सहा लिपस्टिक घेऊन लॅबमध्ये गेले.

लिपस्टिक म्हणजे मुख्यतः मेण आणि तेल. गरम केली की वितळते. सहाही वितळल्या, नखाएवढ्या तुकड्यांत, अगदी शिस्तीने. कापडाचा लाल भाग वितळला नाही. मेणाचा अंशही नव्हता. मग मी त्यावर पातळ आम्लाचा एक थेंब सोडला.

थेंब पडला तेवढी जागा पिवळी झाली.

कॉस्टिकचा थेंब टाकला, परत लाल. आम्ल, पिवळी. मी हे बराच वेळ करत बसले, कारण मजा येत होती. वरणाच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे ज्याने कधी आमटी सांडली आहे त्या प्रत्येकाला माहीत असतं. मला त्यासाठी एम.एस्सी. करावं लागलं.

हळद होती.

मशीनपाशी हळद कुठून आली, याचा विचार करायला फार लांब जावं लागलं नाही. आठवड्यापूर्वी खंडेनवमी झाली होती. नवं मशीन बसवलं होतं, खोली अजून बंद केली नव्हती. किणीकर सर मूळचे दादरचे, जेजुरीत बदली होऊन दोन वर्षं झालेली, आणि भक्तीत गावकऱ्यांच्या पुढे गेलेले. गडावरून ते स्वतः भंडारा घेऊन आले होते. नारळ वाढवला, मशीनला हार घातला, आणि मूठभर भंडारा असा काही उधळला की सगळं मशीन पिवळं झालं. "येळकोट येळकोट" तेच म्हणाले, "जय मल्हार" आम्ही सगळे. फोटोही निघाला होता. कारखान्याच्या ग्रुपवर त्याला नव्वद अंगठे आले होते.

मी सूट चढवून आत गेले. मशीनच्या पट्ट्याखाली, रबर जिथे बसतं तिथे एक फट आहे. त्यात कापसाची कांडी फिरवली. कांडी अर्धी पिवळी निघाली, अर्धी लाल.

मीटिंग दुपारी परत भरली. सहा लिपस्टिक मी परत ओळीत ठेवल्या. टेबलावरच्या बाकीच्या वस्तू तशाच होत्या. फक्त गजरा कुणीतरी उचलला होता. आता हेमलताही होती, दारापाशी उभी. तिला कुणी बसायला सांगितलं नव्हतं. किणीकर सरांच्या कपाळावर रोजच्यासारखा भंडारा होता, मधोमध, बोटभर.

"लिपस्टिक नाही सर," मी म्हणाले. "हळद आहे."

सरांचा चेहरा उजळला.

"हळद! म्हणजे उटणं! चेहऱ्याला लावतात ना बायका? अगं, म्हणजे तोही मेकअपच झाला. घरगुती मेकअप."

"म्या कवा उटणं लावलं?" हेमलता म्हणाली. "दिवाळी पंधरा दिवसांवर हाय अजून."

"झगडे बाई, तुम्हाला विचारलेलं नाही."

"सर, ही हळद मशीनच्या फटीतून आलीय," मी कांडी पुढे केली. "खंडेनवमीच्या पूजेची आहे. भंडारा. कॉस्टिकने धुतल्यावर तो लाल झाला, आणि पुसताना कापडाला लागला."

अनुप्रिता मॅडम लिहायच्या थांबल्या. सरांचा हात नकळत कपाळाकडे गेला आणि अर्ध्यातून परत आला.

"पेठे," ते आवाज खाली आणून म्हणाले, "भंडारा म्हणजे मेकअप नव्हे. तो प्रसाद आहे."

"हो सर. पण कॉस्टिकला त्यातला फरक कळत नाही."

हे वाक्य मी आज कदाचित बोलणार नाही. तेव्हा बोलले, आणि खोलीत कुणी हसलं नाही. माझं साधं चारित्र्य त्या क्षणी संपलं, हे मला सरांच्या नजरेवरून कळलं.

ते पाणी प्यायले. ते हुशार होते. वरच्या जागी उगाच पोचले नव्हते.

"ठीक आहे," ते म्हणाले. "भंडारा तर भंडारा. देवाचं कार्य होतं, ते होणारच. पण मग ती फट साफ कुणी करायची होती? मशीन पुसायची ड्युटी कुणाची होती? अनुप्रिता, लिही. कारण : अपुरी सफाई. जबाबदार : हेमलता झगडे."

अनुप्रिता मॅडमनी खाली मान घालून 'कारण' लिहिलं. 'जबाबदार' लिहिताना पेन थोडं अडखळलं.

"पत्र?" त्यांनी हळूच विचारलं.

"पत्राचं पुढच्या वर्षी बघू. ठेकेदाराशी मी बोलतो."

ठेकेदाराशी बोलणं म्हणजे काय, हे खोलीतल्या चौघांनाही माहीत होतं.

"फट रबराच्या खाली आहे," मी म्हणाले. "रबर काढायची परवानगी ऑपरेटरला नाही. मेन्टेनन्सला आहे. तुमच्याच सूचनेप्रमाणे."

"पेठे, तुझं काम झालं. जा तू."

मी गेले नाही. काय करावं ते सुचत नव्हतं म्हणून गेले नाही. त्याला धैर्य म्हणणं जास्त होईल.

हेमलता मात्र दारापासून टेबलापर्यंत आली.

"साहेब, सकाळी म्हणत व्हता, हिनं तोंड पुसलं कापडाला. दुपारी म्हणताय, हिनं मशीन पुसलं न्हाय. एक कायतरी ठरवा. पुसलं म्हणून काढताय का न्हाय पुसलं म्हणून?"

"आवाज खाली."

"खालीच हाय. आडनाव झगडे हाय, पर अजून सुरू न्हाय केलं म्या." ती टेबलावरच्या वस्तूंकडे बघत होती. "तुमाला डाचतंय ते माझं तोंड. दोन वरसं झाली डाचतंय. 'झगडे बाई, कुठं निघालात एवढ्या नटून?' तुमीच इचारलं व्हतं ना गेटवर? मग तोंडाचंच काय ते करा. मॅडम, ते हवेतली धूळ मोजायचं यंत्र हाय ना तुमच्याकडं?"

होतं. हवा आत ओढून तिच्यात कण किती, ते सांगणारं. भरायच्या खोलीची हवा आम्ही त्यानेच रोज तपासायचो.

"त्याच्यापुढं उभी ऱ्हाते म्या, लिपस्टिक लावून. मोजा. जास्ती धूळ पडली तर पत्र फाडा, म्या सोमवारी येत न्हाय. कमी पडली तर आत्ता सही करा." ती थांबली. "आन् तुमीबी उभं ऱ्हावा."

"मी?" सर हसले. मनापासून हसले. "मी कशाला? माझ्या तोंडाला काय लावलंय?"

आम्ही तिघी त्यांच्या कपाळाकडे बघत होतो. तीन वेगवेगळ्या पगाराच्या बायका एकाच ठिकाणी बघतात असा प्रसंग त्या कारखान्यात तोवर आला नसावा.

सरांना घाम फुटला, पण तो रागाचा होता. "ठीक आहे! होऊन जाऊ दे. म्हणजे हा विषय कायमचा संपेल. पेठे, मर्यादा किती धरतेस?"

"दहा हजार कण, सर. भरायच्या खोलीबाहेरच्या मार्गिकेला आपण तीच धरतो."

"अनुप्रिता, लिही. नियम. ज्या कर्मचाऱ्याचा आकडा दहा हजारांच्या वर जाईल, त्याला भरण्याच्या खोलीत आणि त्या मार्गिकेत प्रवेश नाही. कोणीही असो."

"'कोणीही असो' लिहू, सर?"

"लिही ना! मी सगळ्यांना एकाच मापाने मोजतो, हे यांना कळू दे. आण, सही करतो." त्यांनी सही केली. वर तारीख घातली. मग उठले. "देवाचा मान म्हणून कपाळ धुऊन येतो. पाच मिनिटं. फ्रेश होऊन येतो, मग मोजा काय ते."

ते गेले. अनुप्रिता मॅडमनी नियमाचा कागद उलटा करून ठेवला, मग परत सुलटा केला आणि 'कोणीही' या शब्दाखाली हलकेच एक रेघ मारली. पेनाने. पेन्सिलने नाही.

हेमलताने सहांतून आपली लिपस्टिक उचलली. आरसा टेबलावरच होता, पण तिने तो घेतला नाही. खिडकीकडे तोंड करून दोन फटकाऱ्यांत लावली. कड जराही चुकली नाही. मी मोजमापाच्या कामात वाढलेली, तरी मला तसं जमलं नसतं.

"मॅडम, तुमीबी मोजून घ्या की तुमचं," ती म्हणाली. "साधं तोंड किती गाळतंय ते बघू."

कल्पना चांगली होती. तुलनेला काहीच न लावलेला चेहरा हवाच होता.

नमुने घ्यायच्या कक्षात वरून गाळलेली हवा खाली येते. रिकामा कक्ष मी आधी मोजला. पडद्यावर आकडा आला : बारा. म्हणजे यंत्र ठीक होतं. पद्धत अशी ठरवली : प्रत्येकाने नळीपुढे एक मिनिट उभं राहायचं, मान डावी-उजवीकडे फिरवायची, दोन्ही गालांवर आणि मानेवर हाताने तीन वेळा थापटायचं. तिघांना तेच.

किणीकर सर आले. कपाळ खरोखर स्वच्छ होतं. केस ओले करून मागे विंचरलेले. शर्टाचं वरचं बटण उघडं, आणि कॉलरच्या आत मानेभोवती पांढरा थर. कानामागेही, गळ्याच्या वळ्यांतही. रोज दुपारी चहाच्या आधी ते असेच येत. सगळेच साहेब येत. चंदनाच्या पावडरचा वास त्यांच्या आधी कक्षात पोचला.

हेमलताने माझ्याकडे बघितलं. "सांगायचं का, मॅडम?" ती कुजबुजली.

"प्रयोग चालू असताना ढवळाढवळ करायची नसते," मी म्हणाले.

"आधी बाईंचं मोज," सर म्हणाले. त्यांनी बाह्या वर केल्या आणि ऐटीत मान मोकळी केली. "लेडीज फर्स्ट."

मी कागदावर तिघांची नावं लिहिली आणि यंत्र सुरू केलं.

हेमलता झगडे, लिपस्टिक लावून : २,१४०.

ऋजुता पेठे, काही न लावता : ३,९०५.

सु. वि. किणीकर, फ्रेश होऊन : १,८६,२३०.